ठप्पेमामा आणि उजवं बटण

माझ्या मामानं आयुष्यभर जे केलं ते दाबून केलं. एकतीस वर्षं तो टपाल कचेरीत शिक्के मारायला होता. पत्र आलं, मार शिक्का. पार्सल आलं, मार शिक्का. त्याच्या टेबलाचा आवाज तीन खोल्या पलीकडं बसलेल्या साहेबापर्यंत जायचा, त्यामुळं मामा कामावर आलाय का हे बघायला साहेबाला कधी खुर्ची सोडावी लागली नाही. सगळे त्याला ठप्पेमामा म्हणायचे. खरं नाव काय, हे सांगायला मामीलासुद्धा कपाट उघडून कागद काढावे लागायचे.

शिक्का मारणं लांबून गाढवकाम वाटतं. तसं नाही. त्याला दोन ठोके असतात. पहिला शाईच्या गादीवर, दुसरा कागदावर. गादीवर नुसतं टेकवायचं. तिथं जोर केला की शाई कोपरापर्यंत उडते. कागदावर मात्र हात मोकळा सोडायचा. तिथं हात आखडला की तारीख अर्धीच उमटते आणि पत्र कुठल्या महिन्यात निघालं ते कुणाच्या बापाला कळत नाही. टुक आणि ठप. टुक-ठप, टुक-ठप, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मामाचा उजवा हात असा भरला होता की सदऱ्याची उजवी बाही शिंपी वेगळ्या मापानं शिवायचा.

मग मामा निवृत्त झाला. कचेरीनं त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्याचा जुना शिक्का दिला. तारखेचे आकडे झिजून सपाट झाले होते, म्हणून दिला. टुक मात्र कचेरीतच कुठंतरी राहून गेलं आणि ठप तेवढं मामाबरोबर घरी आलं.

पहिल्या आठवड्यात दाराची घंटा गेली. मामानं अशी दाबली की बटण आत जाऊन बसलं ते बाहेर यायला तयार होईना, आणि घंटा दुपारभर वाजत राहिली. शेजारपाजारचे आठ जण दारात जमले. दुसऱ्या आठवड्यात रिमोटचं आवाजाचं बटण रिमोटच्या पोटात पडलं. हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजायचं. तिसऱ्या आठवड्यात इमारतीची लिफ्ट. मामानं चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. दिवा लागला तो विझेना. मग ज्याला दुसऱ्या मजल्यावर जायचंय तोही आधी चौथ्यावर, ज्याला खाली उतरायचंय तोही आधी चौथ्यावर. लिफ्टचं दार उघडायचं आणि समोरच्याच घरात मामा कोचावर बसलेला दिसायचा. लोकांना वाटायला लागलं, मामाकडं हजेरी लावल्याशिवाय लिफ्ट सोडतच नाही.

"अहो, ती लिफ्ट आहे, पार्सल नव्हे," मामी म्हणाली.

"जोर लावल्याशिवाय उमटत नाही," मामा म्हणाला.

"लिफ्टमध्ये काय उमटवायचंय तुम्हाला?"

मामा म्हणाला, "तुला नाही कळायचं."

मामीला कळायचं ते कळलं. तिनं दुपारी चार ते सहा मामाला घराबाहेर काढायचं ठरवलं. "कुठंही जा. फक्त जिथं बटण नसेल तिथं जा."

मामा निघाला, गल्लीच्या टोकाला गेला आणि बरोबर बटणांच्या आगारात शिरला.

एका सलूनला लागून लांबोडका हॉल होता. आत एक फाटक्या कापडाचं बिलियर्डचं टेबल, एक पंखा, काउंटरमागं बसलेली मालकीणबाई, आणि भिंतीला लागून एक म्हातारं पिनबॉलचं मशीन. ज्यानं ते बघितलं नसेल त्याच्यासाठी सांगतो. काचेचं झाकण असलेलं उतरतं टेबल समजा. आत पोलादाची गोळी. ती वरून घरंगळत खाली येते, वाटेत खुंट्यांना धडकते, दिवे लावते, घंट्या वाजवते, आणि तळाशी एक भोक असतं त्यात जायला बघते. त्या भोकाच्या तोंडावर दोन बोटभर लांबीची पाती असतात. त्यांना फ्लिपर म्हणतात. मशीनच्या दोन्ही अंगांना एकेक बटण. उजवं दाबलं की उजवं पातं उसळतं, डावं दाबलं की डावं, आणि गोळी पुन्हा वर भिरकावली जाते. वर डावीकडं एक चढण होती, तिच्या टोकाला पितळेची घंटा. गोळी चढण चढून गेली की ठण्ण. ती ठण्ण ऐकायला माणसं तिथं यायची.

बाकीची माणसं बटणांवर बोटं टेकवून उभी राहायची. मामा हात वीतभर लांब घ्यायचा आणि बटणावर तळवा आणायचा. ठप! बिलियर्डच्या टेबलावरचे चेंडू जागेवर हलायचे. अशा मशीनला फार हलवलं की ते रुसतं आणि पाती बंद करून बसतं. पण मामाच्या पायी ते इतकं रुसायला लागलं की मालकीणबाईनं शेवटी ते रुसण्याचं कलमच काढून टाकायला लावलं.

आणि खरी गोष्ट सांगायची तर मामाची गोळी वर जायची. इतरांची चढणीच्या अर्ध्यावरून धापा टाकत मागं यायची. मामाची सरळ वर. ठण्ण.

"बघा," मामा म्हणायचा. "उमटलं."

आता मिस्त्रीची गोष्ट. मशीनची देखभाल करायला एक मिस्त्री होता. पोट पुढं, चष्मा कपाळावर आणि सदऱ्याच्या खिशात लांब चोचीची तेलाची कुपी. त्यानं उभा जन्म शिलाई मशीनं दुरुस्त केलेली. शिलाई मशीनचा धर्म एकच, तेल. तोच धर्म घेऊन तो इकडं आला होता. जे हलतं त्याला एक थेंब, जे हलत नाही त्याला दोन. पंख्याला तेल, दाराच्या बिजागरीला तेल, मालकीणबाईच्या गल्ल्याच्या खणाला तेल. एकदा प्रेमानं शेजारच्या सलूनवाल्याच्या खुर्चीला तेल दिलं. तेव्हापासून ती खुर्ची वर राहीना. गिऱ्हाईक दाढीला बसलं की हळूहळू खाली जायचं, आणि सलूनवाला वस्तरा घेऊन त्याच्यामागं वाकत वाकत जमिनीपर्यंत जायचा.

दर सोमवारी मिस्त्री मशीन उघडायचा, साफ करायचा आणि मशीनच्या दाराला आतून टांगलेल्या कार्डावर सही करायचा. त्या कार्डाचा त्याला फार अभिमान. एक सोमवार चुकलेला नाही. आणि मामाचं ठप ऐकलं की त्याच्या काळजात कळ यायची.

"मामा, ते बटण आहे, खुंटा नाही," तो म्हणायचा. "त्याच्या मागं दोन पत्र्याच्या पट्ट्या आहेत. बटण दाबलं की पट्ट्या एकमेकींना लागतात. लागल्या की करंट वाहतो, करंट गेला की पातं उडतं. पट्ट्या लागल्या म्हणजे लागल्या. बोटानं लावा नाहीतर हातोड्यानं लावा, करंट तेवढाच."

"मग माझी गोळी वर का जाते?"

"नशीब."

"रोज?"

"तुमच्या घरात दिव्याचं बटण जोरात दाबलं तर उजेड जास्त पडतो का?"

"आमच्या घरात दिव्याचं बटण राहिलंय कुठं?" मामा म्हणाला. "दोन वायरी एकमेकींना लावाव्या लागतात."

सलूनवाला कामधंदा टाकून हे ऐकायला यायचा. त्याला दोन्ही बाजू पटायच्या.

हे असंच चाललं असतं, पण एका बुधवारी मामाच्या ठपसरशी उजवं बटण तडकून दोन तुकडे झालं. याआधी एक गेलं होतंच. मालकीणबाईनं खणातून डबी काढली. डबीत एक बटण होतं. एकच. हे मशीन बनवणारा कारखाना मिस्त्रीला मिसरूड फुटायच्या आधी बंद पडलेला.

"मामा," बाई म्हणाली. ती कधी आवाज चढवायची नाही, म्हणून लोक तिला टरकून असायचे. "हे शेवटचं. हे तुटलं तर मशीन भंगारात. मिस्त्री म्हणतात जोरानं काही फरक पडत नाही. तुम्ही म्हणता पडतो. पडत नसेल तर उगाच माझं मशीन बडवायचं कारण नाही. हळू दाबायचं नाहीतर यायचं नाही."

"आणि पडत असेल तर?"

"पडत असेल तर मिस्त्रींनी मला इतकी वर्षं येडं बनवलं, आणि तुम्ही खुशाल दाबा."

मिस्त्रीचं पोट जरा आत गेलं. "करून बघू या," तो म्हणाला. "शनिवारी, चार वाजता, सगळ्यांसमोर."

मामानं घरी येऊन मामीला सगळं सांगितलं. गुरुवारी ती स्वतः हॉलमध्ये गेली. पिशवीतून रिमोट काढून तिनं काउंटरवर हलवून दाखवला. खुळखुळ.

"बाई, हे बघा. तुमची दोन बटणं गेली, माझ्या घरातली सगळी गेली. याला तुम्ही घालवून दिलंत तर तो चार वाजता माझ्याकडं येणार. माझ्याकडं आता फक्त गॅसचं बटण शाबूत आहे."

मालकीणबाईनं रिमोट हातात घेतला, हलवला, परत दिला. "तुमचं दुःख कळतं," ती म्हणाली. "पण माझ्याकडंही एकच आहे."

शनिवारी चार वाजता हॉल भरला. सलूनवाल्यानं एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोबत आणलं होतं, कारण गिऱ्हाईक म्हणालं, मला पण बघायचंय. मामी कोपऱ्यात स्टुलावर बसली. मीही होतो, कारण मामा म्हणाला होता, साक्षीला घरचं माणूस पाहिजे.

नियम मिस्त्रीनं सांगितले. उजव्या पात्यावर गोळी थांबवून धरायची, हळूच खाली घरंगळू द्यायची आणि मग बटण दाबून चढणीवर मारायची. दहा वेळा. घंटा वाजली तर मोजायची. हळू दाबायला सलूनवाला, कारण त्याचा हात हलका. भर चौकात मिशा कातरतो तरी माणूस शिंकत नाही. जोरात दाबायला मामा.

सलूनवाल्यानं बाह्या सारल्या, बटणावर एक बोट टेकवलं आणि दाबलं. गोळी चढणीवर गेली, अर्ध्यावर थांबली, जरा विचार केला आणि मागं फिरली.

"एक," अर्ध्या दाढीवालं गिऱ्हाईक म्हणालं.

"एक काय? घंटा कुठं वाजली?" मिस्त्री खेकसला.

"फेरी एक. घंटा शून्य."

दहा फेऱ्या झाल्या. घंटा दोन. मग मामा पुढं झाला. त्यानं हात कपड्याला पुसला. तळवा उचलला. मालकीणबाईनं डोळे मिटून घेतले.

ठप! ठण्ण.

ठप! ठण्ण.

दहातल्या आठ वाजल्या. मामा आमच्याकडं वळला आणि त्यानं उजवी बाही झटकली. मामा बाही झटकतो तेव्हा तो किती फुगलाय हे आम्हा घरच्यांनाच कळतं.

"हे काही खरं नाही," मिस्त्री म्हणाला. "मामाला नेम आहे. यांना नेम नाही."

"मला?" सलूनवाला उखडला. "वस्तऱ्यानं कानामागचे केस काढतो मी, आणि मला नेम नाही?"

"मग तुम्हीच जोरात दाबून बघा."

सलूनवाल्यानं रागाच्या भरात दाबलं. ठण्ण. परत. ठण्ण. तिसरी तेवढी चुकली, चौथी ठण्ण. मिस्त्री पुढं झाला. "तुम्ही मघाशी बटण पुरतं आतच ढकललं नव्हतं," तो म्हणाला आणि स्वतः उभा राहिला. त्यानं बटण हळू, पण शेवटापर्यंत, सगळ्यांना दिसेल असं दाबलं. पातं उठलं ते झोपेतून उठावं तसं. गोळी चढणीच्या पायथ्याशी गेली आणि लाजून परत आली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. पंखा छान चालत होता, तेल होतं त्याला.

"म्हणजे फरक पडतो," मालकीणबाई म्हणाली.

"पडतो!" मामा ओरडला. "एकतीस वर्षं सांगतोय! जोर लावल्याशिवाय..."

"नाही पडत," मिस्त्री म्हणाला.

"अहो, आत्ता सगळ्यांनी बघितलं!" अर्ध्या दाढीवालं गिऱ्हाईक म्हणालं.

मिस्त्री मशीनकडं बघत राहिला. त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या, हे मलासुद्धा दिसत होतं. एक तर करंटचं त्याचं सगळं ज्ञान खोटं. नाहीतर ज्ञान खरं आणि त्यानं राखलेलं मशीन घाण. दुसरा कुणी असता तर ज्ञान सोडून दिलं असतं. ज्ञान कुणाला दिसतं? पण हा मिस्त्री वेगळ्या मातीचा. त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला.

"फरक पडत नाही," तो म्हणाला. "पडत असेल तर पट्ट्या नीट लागत नाहीयेत. हळू दाबलं की नुसत्या शिवतात, करंट अर्धाच जातो. जोरात दाबलं की घासून घट्ट बसतात. मशीन आजारी आहे. जोर हा त्यावरचा उपाय नव्हे."

"आजारी कसं? दर सोमवारी सही आहे तुमची," बाई म्हणाली.

मिस्त्रीनं काच सरकवली, टेबलाची फळी उचलून आधारावर टेकवली, बॅटरी लावली. बाई काउंटरमागून उठून आली. आम्ही सगळे आत डोकावलो. बटणामागं खरोखरच दोन पट्ट्या होत्या, आणि त्यांच्या टोकांना टिकलीएवढे दोन ठिपके. ते चांदीसारखे असायला हवे होते म्हणे. तव्याच्या बुडासारखे काळे होते.

"ही कसली काजळी?" बाईनं विचारलं.

"जळालंय काहीतरी. इथं ठिणगी पडते ना बारीक. त्यात काही चिकट आलं की जळून..." मिस्त्री बोलता बोलता थांबला.

"चिकट म्हणजे?"

मिस्त्रीनं बोटानं पट्टीला हात लावला, बोट नाकाशी नेलं. त्याचा हात आपोआप खिशातल्या कुपीवर गेला.

"तेल," तो म्हणाला.

"तेल कुणी घातलं?"

मशीनच्या दाराला टांगलेलं कार्ड पंख्याच्या वाऱ्यानं हलत होतं. सोमवार, सही. सोमवार, सही. सोमवार, सही.

"मी," मिस्त्री म्हणाला. "दर सोमवारी. एक थेंब."

सलूनवाला हळूच म्हणाला, "माझ्या खुर्चीला दोन घातले होते."

मामाला आता टाळ्या पिटायला हरकत नव्हती, पण त्यालाही काहीतरी घोळ जाणवला असावा. तो जिंकला होता की नाही, हे त्याला धड कळेना. मिस्त्रीनं बारीक कानस काढली, ठिपके घासले, कोरड्या पुठ्ठ्याची पट्टी मधून ओढून काढली, पुन्हा घासले. पाच मिनिटांत काळ्याखालचं पांढरं वर आलं. फळी खाली, काच बंद. "दाबा," तो सलूनवाल्याला म्हणाला. "अगदी हळू. बाळाच्या गालाला लावता तसं."

सलूनवाल्यानं बोट टेकवलं. पातं असं उसळलं की तोच दचकला. ठण्ण! पुन्हा. ठण्ण! मग जोरात दाबून बघितलं, तीच ठण्ण. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. मामाला दाबायला दिलं. ठप, ठण्ण. सलूनवाला, टुक, ठण्ण. दोघांच्या गोळ्या एकाच जागी, एकाच वेगानं.

"आता बोला," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज अर्धा रडका, अर्धा विजयी. इज्जत गेली होती, पण करंट वाचला होता.

मामाचा विजय वीस मिनिटं टिकला. मालकीणबाई काउंटरवर परत गेली, खणातली रिकामी डबी तिनं उघडून बघितली आणि बंद केली. "मामा, ठरल्याप्रमाणे. फरक पडत नाही. आता हळू दाबा."

मामानं हात बटणाजवळ नेला. हात वर उठला आणि, ठप! बटण करकरलं. सगळ्यांनी "अहो अहो अहो" केलं.

"परत बघतो," मामा म्हणाला. या वेळी त्यानं इतकं जपलं की बोट बटणाला लागलंच नाही आणि गोळी भोकात गेली. तिसऱ्यांदा त्यानं डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं. तरी ठप. मामा घामाघूम झाला. त्याचा हात त्याचं ऐकत नव्हता. त्यानं खुंटीवरची टोपी काढली.

"जातो मी," तो म्हणाला. "हातालाच माहीत नाही हळू काय असतं ते."

मी उठलो, कारण घरचं माणूस म्हणून मलाच त्याला न्यायचं होतं. पण मामी स्टुलावरून उठली नाही. तिच्या डोळ्यांसमोर बहुतेक गॅसचं बटण उभं राहिलं असावं.

"माहीत नाही कसं?" ती म्हणाली. "टोपी ठेवा ती. गादीवर कसा टेकवायचात शिक्का? तिथं ठप केलं असतंत तर एकतीस वर्षं मला तुमच्या बाह्या धुवाव्या लागल्या असत्या. एक डाग नव्हता कधी."

"ते गादीवर. इथं गादी कुठाय?"

"तुम्हाला गादी पाहिजे का?" मिस्त्री एकदम म्हणाला. त्यानं हत्यारांची पेटी उपसली. शिलाई मशीनवर दोऱ्याच्या रिळाखाली लाल बनातीची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, गोल चकती असते. तशा दहा-बारा अजून त्याच्या पेटीत होत्या. त्यानं एक बटणावर चिकटवली, मग पलीकडं जाऊन दुसऱ्या बटणावर एक. मऊ, लालभडक, बोटभर.

मामा जवळ गेला. चकतीकडं बघितलं. वास घेतला, खरं सांगतो, वाकून वास घेतला. शाईचा नव्हता, तरी त्याचा चेहरा बदलला. हात पुढं गेला आणि चकतीवर टेकला. टुक.

पातं उसळलं. ठण्ण!

आम्ही ओरडलो. पण मामाचा हात तिथून सुटला तो वर हवेत गेला आणि तिथंच लोंबकळत राहिला. गादी झाली, आता कागद कुठाय, असं विचारल्यासारखा. मामा त्या हाताकडं बघतोय, हात आमच्याकडं बघतोय. तो आता कुठं उतरेल याचा नेम नव्हता. मशीनच्या काचेच्या बरोबर वर होता.

मामी उठली आणि आपलं स्टूल पायानं मामाच्या उजवीकडं सरकवलं.

ठप!

मामानं असा श्वास सोडला, जसा कुणी चार जिने चढून आल्यावर सोडतो. टुक, ठण्ण, ठप. टुक, ठण्ण, ठप. डावीकडं स्टूल नव्हतं, तिथं अर्ध्या दाढीवाल्या गिऱ्हाइकानं दुसरं आणून ठेवलं. दोन स्टुलांच्या मध्ये उभा राहून मामा खेळायला लागला तो तबला आणि डग्ग्यामध्ये तबलजी उभा करावा तसा दिसत होता. लय त्याला एकतीस वर्षांची पाठ होती. गोळी भोकाकडं वळायचीच नाही.

मालकीणबाईनं डबी खणात टाकली. "स्टुलं तुटली तर घरून आणायची," ती म्हणाली.

"आणतो," मामा म्हणाला, खेळ न थांबवता.

"आणि मिस्त्री, ती कुपी इकडं द्या."

मिस्त्रीनं कुपी छातीशी धरली. बाईनं हात पुढं ठेवला तो मागं घेतला नाही. शेवटी कुपी गेली. पण मिस्त्री सोमवारी दुसरी आणेल हे तिला पुरतं माहीत होतं. जन्माची सवय हाताची असते, डोक्याची नसते, हे समोर दोन स्टुलांवर वाजतच होतं. म्हणून तिनं ठरवलं की सोमवारी मिस्त्री मशीन उघडेल तेव्हा मामा शेजारी उभा राहील, आधी मिस्त्रीचे खिसे तपासेल आणि नंतर कार्डावर शिक्का मारेल.

तेव्हापासून ते तसंच चाललंय. सोमवारी मामा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, झिजलेला शिक्का आणि शाईची गादी पिशवीत घालून जातो. मिस्त्री खिसे उलटे करून दाखवतो. एकदा मोज्यात सापडली कुपी. कार्डावर तारीख उमटत नाही, नुसता गोल उमटतो, पण इतका ठसठशीत की मागच्या बाजूनंही दिसतो. मामीनं घरातली सगळी बटणं बदलून घेतली आणि प्रत्येकावर लाल चकती चिकटवली. प्रत्येकाखाली एक पाट ठेवलाय. लिफ्टमध्ये तेवढा ठेवता येत नाही, म्हणून मामा जिन्यानं येतो.

परवा एक नवखा खेळायला आला होता. त्यानं मामाची गोळी सरळ चढण चढून जाताना बघितली आणि विचारलं, "काका, एवढी जोरात कशी मारता हो?"

मामानं स्टुलावर हात आणला. ठप! "जोर लावल्याशिवाय उमटत नाही," तो म्हणाला.

मिस्त्री फळीखाली डोकं घालून बसला होता. तो ताडकन बाहेर आला, बोट वर केलं, तोंड उघडलं. मामानं त्याच्याकडं बघितलं आणि शांतपणे त्याच्या डाव्या मोज्याकडं बघितलं.

मिस्त्रीनं तोंड मिटलं आणि पुन्हा फळीखाली गेला.